तिशीनंतर तिरळेपणाचं ऑपरेशन: कुणी केलंय का?

सांजवात (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझा डावा डोळा लहानपणापासून बाहेरच्या बाजूला सरकतो. पूर्वी दमले, जागरण झालं किंवा कडक उन्हात उभी राहिले की सरकायचा आणि लक्ष देऊन बघितलं की जागेवर यायचा. आता तो जागेवर येतो कमी आणि बाहेर असतो जास्त. संध्याकाळी कपाळ ठणकतं, वाचताना ओळ हातची सुटते.

वय ३४, बँकेत काउंटरला असते. मी ग्राहकाकडे बघून बोलते आणि तो मागे वळून बघतो, कारण त्याला वाटतं मी त्याच्या मागच्या माणसाशी बोलतेय. दिवसातून कितीदा तरी होतं हे. त्यामुळे मान खाली घालून, पासबुकाकडे बघत बोलायची सवय लागली आणि मग 'मॅडम नीट बोलत नाहीत' अशी तक्रार येते.

लहानपणी आजी म्हणायची, तिरळी पोर नशीबवान असते, तिच्या पायानं लक्ष्मी येते. प्रेमानंच म्हणायची. पण घरात सगळ्यांनी तेच धरून ठेवलं आणि डॉक्टरांकडे जाणं राहिलं ते राहिलंच. शाळेत 'लंडन-टोकियो' म्हणून हाक मारायचे. स्थळं बघताना फोटो एकाच बाजूने काढायचा, हे फोटोग्राफरला आईने आधीच सांगून ठेवलेलं.

मध्यंतरी एका डॉक्टरांना दाखवलं. 'आता या वयात कशाला? नुसतं दिसण्यापुरतंच तर आहे,' म्हणाले. ते मनाला लागलं. आता सरळ विचारते: या वयात उपचार होतात का? व्यायामाने भागेल का? ऑपरेशननंतर एकाचे दोन दिसायला लागले तर? आणि विम्यात बसतं का?

रानवारा

ताई, होतात. मी चाळिशी ओलांडल्यावर केलं. माझा उजवा डोळा आत, नाकाकडे वळलेला होता. मलाही 'आता कशाला' हे अनेकांनी ऐकवलं होतं. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता कामावर आहे. तोवर दृष्टीमित्र यांना कुणीतरी हाक मारा, त्यांचं रोजचं कामच हे आहे.

दृष्टीमित्र

आले. मी पुण्यात एका रुग्णालयाच्या तिरळेपणा विभागात ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर आणि चष्म्याचा नंबर तपासणारी, आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान इथे करणार नाही. पण रोज जे बघते ते सांगते.

आधी 'नुसतं दिसण्यापुरतं' याबद्दल. दोन्ही डोळे एकाच जागी रोखलेले असले तरच मेंदू दोन चित्रांचं एक करतो आणि त्यातून खोली कळते, म्हणजे वस्तू किती जवळ-लांब आहे ते. सुईत दोरा ओवणं, जिन्याची शेवटची पायरी, अंगावर येणारा चेंडू, सगळीकडे ती लागते. डोळा सरकला की मेंदूपुढे दोन वेगळी चित्रं येतात. लहान मुलाचा मेंदू त्यातलं एक दाबून टाकतो, म्हणून मुलं 'दोन दिसतात' अशी तक्रार करत नाहीत. मोठेपणी नव्याने डोळा सरकला तर मात्र सहसा दोन दिसतात. डोळे आत वळलेल्या माणसाच्या बाजूच्या नजरेचा पट्टाही अरुंद झालेला असतो आणि डोळे सरळ केल्यावर तो मोठ्या वयातसुद्धा रुंदावतो. मान खाली घालून बोलावं लागणं हा त्रासही माझ्या लेखी खराच आहे, वेगळा सिद्ध करायची गरज नाही.

तुम्ही वर्णन केलंय तो प्रकार अधूनमधून बाहेर सरकणाऱ्या डोळ्याचा वाटतो. उन्हात एक डोळा मिटून घेणं ही त्याची जुनी खूण. घरच्यांना विचारा, लहानपणी मिटायचात का. यात बहुतेकदा दोन्ही डोळ्यांची नजर चांगली राहिलेली असते आणि ती मोठी जमेची बाजू आहे.

व्यायामाचं असं आहे की जवळचं बघताना डोळे आत आणायला कमी पडतात त्या तक्रारीवर तो चांगला चालतो. पेन्सिल लांब धरून हळूहळू नाकाकडे आणायची, ती दोन दिसायला लागेपर्यंत. दवाखान्यात देखरेखीखाली केलेला व्यायाम घरच्या पेन्सिलीपेक्षा सरस ठरतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २००८ साली दिसलं. पण डोळा बराच आणि बराच वेळ बाहेर राहत असेल तर नुसत्या व्यायामाने तो सरळ होईल असं सांगणाऱ्याला महिन्यामागून महिने पैसे देऊ नका.

प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात. डोळा किती सरकलाय हे प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवणारी तिरकी काच, लावून मोजता येतं. त्या मोजमापाशिवाय ऑपरेशन हो की नाही, हे कुणीच सांगू नये.

लेकीचीआई

हा धागा लहान मुलांचे आईबाबा वाचत असतील म्हणून लिहितेय. माझी लेक अडीच वर्षांची असताना तिचा डोळा आत जायला लागला. सासूबाईंचं म्हणणं, पाळण्यावरचं चिमणाळं एका बाजूला टांगलं होतं म्हणून. शेजारणीने सांगितलं, मोठी झाली की जाईल. आम्ही तडक बालनेत्रतज्ज्ञांकडे गेलो. बाहुली मोठी करण्याचं औषध घालून तपासलं तर मोठा प्लस नंबर निघाला. जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून ती जोर लावायची आणि त्या जोराबरोबर डोळा आत यायचा. चष्मा लागला आणि काही आठवड्यांत, चष्मा घातलेला असताना, डोळे सरळ! चष्मा काढला की अजूनही आत जातो, ते तसंच असतं म्हणे. ऑपरेशन लागलंच नाही.

पण त्या डोळ्याची नजर मागे पडली होती, म्हणून तो कामाला लागावा यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी. हे प्रकरण खरं अवघड. पट्टी चष्म्याच्या काचेवर नाही, थेट कातडीवर चिकटवायची. काचेवर लावली की पोरं वरून डोकावतात. पहिले काही दिवस नुसता आक्रोश. मग आम्ही पट्टीची वेळ आणि धान्याची वेळ एक केली. ताटात मूठभर ज्वारी आणि त्यात मूग मिसळून द्यायचे, तिने मूग वेचून वाटीत टाकायचे. ताटावर अगदी वाकून, जीभ बाहेर काढून वेचायची. सुरुवातीला ज्वारीच उचलायची. नंतर हात न चुकता मुगावर जायला लागला, तेव्हाच मला कळलं की डोळा कामाला लागलाय, डॉक्टरांनी तक्ता वाचून घेतला त्याच्या आधीच. पट्टी निघताना कातडी ओढली जाते, कडेला खोबरेल तेल लावा, अलगद सुटते.

दृष्टीमित्र

लेकीच्या आई, मुगाची युक्ती मी उद्यापासून सगळ्यांना सांगणार.

पट्टी दिवसभर हवी, हा समज अजून आहे. मध्यम प्रमाणात नजर मागे पडलेल्या मुलांत दोन तास आणि सहा तास पट्टीचा फायदा जवळपास सारखाच निघाला, ती चाचणी २००३ ची. ज्यांना पट्टी अजिबात सोसत नाही त्यांना चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब घालून तो धूसर करतात, तेही चालतं. तास मात्र तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलेच पाळा. आणि सात वर्षांनंतर काही होत नाही, असं म्हणून कुणी परत पाठवलं तर दुसरीकडे दाखवा. मोठ्या मुलांतही सुधारणा होते, पण कमी, आणि प्रत्येक वाया गेलेलं वर्ष महागात पडतं. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांना १९८१ चं नोबेल मिळालं त्यात हाच भाग होता: मांजराच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीच्या काळात बंद राहिला, तर डोळा धडधाकट असूनही मेंदू त्याच्याकडून बघायला शिकत नाही.

बाळांबद्दल दोन गोष्टी. पहिल्या तीन-चार महिन्यांत डोळे मधूनच इकडेतिकडे जाणं चालतं, त्यानंतर नाही. आणि नाकाचा पूल रुंद असला तर सरळ डोळेही आत वाटतात. समोरून फोटो काढून बघा, दोन्ही बुबुळांवर प्रकाशाचा ठिपका एकाच जागी असेल तर बहुधा भास आहे, तरी एकदा दाखवून घ्या. फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकली तर मात्र त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मोतीबिंदू असू शकतो, किंवा डोळ्यातली गाठ. तिरळेपणा ही त्या गाठीची पहिली खूण असू शकते, म्हणूनच तिरळ्या डोळ्याचा पडदा तपासल्याशिवाय कुणी घरी पाठवू नये.

कृष्णाकाठ

दादा-ताई, मी भरतीची तयारी करतोय. धावणं, छाती, उंची सगळ्यात बसतो. पण केंद्रीय दलांच्या कॉन्स्टेबल भरतीच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं, गुडघे लागणारे, सपाट पाऊल, व्हेरिकोज व्हेन आणि तिरळे डोळे नकोत. माझा उजवा डोळा थोडा आत आहे. अकॅडमीतले सर म्हणतात ऑपरेशन करून टाक, काम फत्ते. घरची जमीन थोडी आहे, वडील कर्ज काढायला तयार आहेत. करू का?

दृष्टीमित्र

कर्ज काढायच्या आधी एक काम कर, भाऊ. डावा डोळा हाताने झाकून उजव्याने भिंतीवरचं कॅलेंडर वाच. तारखा अडखळत असतील तर नजर मागे पडलेली असू शकते. त्याच जाहिरातीत चष्म्याशिवाय एका डोळ्याने ६/६ आणि दुसऱ्याने ६/९ दिसायला हवं, हेही असतं (६/६ म्हणजे चांगली नजर, खालचा आकडा वाढला की नजर कमी). ऑपरेशनने डोळा सरळ होतो, नजर वाढत नाही, नंबरही जात नाही. म्हणजे डोळे सरळ झाले आणि नजरेत अडकलास असं होऊ शकतं. आधी जिल्हा रुग्णालयात दोन्ही डोळ्यांची नजर लेखी घे. दोन्ही चांगल्या असतील तर पुढचं बोलू. वडिलांना तोवर थांबव.

कृष्णाकाठ

उजव्याने तारखा दिसतात पण खालची तिथी-नक्षत्रं नाही वाचता आली. डाव्याने सगळं वाचलं. उद्याच जातो. हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

वऱ्हाडी

माझ्या बाबांचं सांगतो. वय ६८, शुगर जुनी. एका सकाळी उठले तं समोरचे दोन दरवाजे दिसू लागले, उजवा डोळा आत वळलेला. गावात कोणी म्हणे वारा लागला. नागपूरले नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, डोळा बाहेर नेणाऱ्या स्नायूची नस, सहावी म्हणतात तिला, शुगरमुळे कमजोर झाली. लगेच ऑपरेशन नाही. चष्म्याच्या काचेवर पातळ प्रिझमची फिल्म चिकटवून दिली, त्याने सरळ बघताना एकच दिसू लागलं. शुगर आटोक्यात आणली आणि तीनेक महिन्यांत डोळा आपला आपण जागेवर आला. म्हणून सांगतो, म्हाताऱ्या माणसाचा डोळा अचानक वळला तं शुगर-बीपी आधी पहा.

दृष्टीमित्र

वऱ्हाडीदादांच्या जोडीला एक इशारा. अचानक दोन दिसणं, त्यासोबत पापणी खाली पडलेली आणि बाहुली मोठी झालेली असेल, डोकं जोरात दुखत असेल, तर थेट मोठ्या हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून डोळा आणि पापणी हलवणाऱ्या तिसऱ्या नसेवर दाब आलेला असू शकतो, त्यात तास मोजावे लागतात.

रानवारा

आता माझं. ऑपरेशनआधी तीनदा वेगवेगळ्या वेळी मोजमाप झालं, आकडे जुळल्यावरच तारीख मिळाली. दोन दिसण्याच्या भीतीवरही तेव्हाच बोलणं झालं. डॉक्टरांनी प्रिझम लावून डोळा सरळ झाल्यावर जसं दिसेल तसं बसल्या जागी दाखवलं. मला दोन नाही दिसले, म्हणून पुढे गेलो.

लोकांना वाटतं डोळा बाहेर काढतात. नाही काढत. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा बाजूला करून स्नायू शोधतात. जो जास्त ओढतो तो सोडवून थोडा मागे शिवतात, जो कमी पडतो तो आखूड करतात. टाके विरघळणारे. मुलांना पूर्ण भूल देतात, मोठ्यांना पूर्ण किंवा डोळ्यापुरती. स्नायू ओढला की हृदयाचे ठोके कमी होऊ शकतात, म्हणून भूलतज्ज्ञ सगळा वेळ मॉनिटरकडे लक्ष ठेवून असतात, हेही मला आधीच समजावलं होतं.

माझा टाका नंतर जुळवता येईल असा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली, बधिर करणारे थेंब घातले आणि लांबच्या भिंतीवरच्या एका अक्षराकडे बघायला सांगितलं. डॉक्टरांनी चिमट्याने टाका धरला आणि किंचित सैल केला. दुखलं नाही, पण डोळ्याच्या मागे कुणीतरी दोरी ओढतंय असं जाणवलं, थोडी मळमळ झाली. पुन्हा प्रिझम लावून बघितलं, पुन्हा थोडं सैल. मग गाठ मारली. मला आरसा दिला. मी आरशात बघत होतो आणि दोन्ही डोळे माझ्याकडे बघत होते.

डोळा दोन-तीन आठवडे लालभडक होता. काही दिवस बाजूला बघताना दोन दिसायचं, ते गेलं. खोली पूर्ण कळत नाही, कारण माझा तिरळेपणा बाळपणापासूनचा. गाडी लावताना अजून जपून लावतो. पण ग्राहकाला तुम्ही कुणाशी बोलताय हे कळेल, एवढं नक्की.

मुक्तछंद

सगळं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे. माझा एक डोळा जन्मतः जवळपास आंधळा आणि तिरळा. मी आहे तशी शिकवते, वर्गात उभी राहते. मुलांना पहिल्याच तासाला सांगते, माझा हा डोळा तुमच्याकडे बघतो, उत्तर हा डोळा बघेल त्याने द्यायचं. दोन मिनिटांत विषय संपतो. सगळ्यांनी डोळे सरळ करूनच घ्यायला हवेत असं वातावरण झालं तर ज्यांना करायचं नाही किंवा करता येत नाही त्यांच्यावर दबाव येतो. बदल बघणाऱ्यांनी करायला हवा.

सांजवात

मुक्तछंदताई, ते पहिल्या तासाचं वाक्य मी काउंटरला वापरणार, आजच. त्यासाठी तुमचे आभार. तरी मला करून घ्यावंसं वाटतं, कारण संध्याकाळचं कपाळ दुखणं बघणाऱ्यांनी बदलून जाणार नाही.

दृष्टीमित्र

दोघींचं पटतं. मुक्तछंद, न दिसणारा डोळाही दिसण्यासाठी सरळ करून देतात, पण तो पुन्हा सरकण्याची शक्यता जास्त असते. ती निवड पूर्णपणे तुमची.

यॉर्कशायरकर

इकडे ब्रिटनमध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांची शाळेत जाताना नजर तपासतात, त्यात माझ्या मुलाचं सापडलं. आपल्याकडे अशी काही सोय आहे का? गावी भाच्याला सांगायचंय.

लेकीचीआई

आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात, डोळेही त्यात आहेत. पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवतात. पथक येऊन गेलं असेल तर अंगणवाडीसेविकेला विचारा, तिच्याकडे नोंद असते. खाजगी बालवाडीतल्या मुलांचं मात्र आईवडिलांनीच बघायचं, तिथे कुणी येत नाही.

रानवारा

विम्याचं राहिलं. माझा क्लेम आधी 'सौंदर्यशस्त्रक्रिया' म्हणून फेटाळला होता. डॉक्टरांनी चिठ्ठीत प्रिझमचे आकडे, डोकेदुखी, दोन्ही डोळ्यांचं एकत्र काम बिघडलंय, हे सगळं लिहून दिल्यावर पुन्हा अर्ज केला आणि मंजूर झाला. पॉलिसीत जन्मजात बाह्य व्यंग वगळलेलं असतं, म्हणून तुमचा कधी सुरू झाला हे कागदावर काय लिहिलं जातंय ते बघा. खोटं नको, पण अंदाजाने 'जन्मापासून' लिहू देऊ नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायचं.

सांजवात

मंडळी, जाऊन आले. तिथे पहिला तासभर डाव्या डोळ्यावर पट्टी लावून नुसतं बसवलं, म्हणजे डोळा लपवतोय तेवढाही बाहेर येतो म्हणे. मग एक डोळा झाकायचा, दुसरा उघडायचा, मध्ये प्रिझमची पट्टी सरकवत न्यायची. खोलीत मोजलं, नंतर खिडकीतून लांबच्या पाण्याच्या टाकीकडे बघायला लावून मोजलं. डोळा किती सरकतो त्याचा प्रिझमचा आकडा लांबचं बघताना ३५ आला, जवळ त्याहून कमी. दोन्ही डोळे ६/६.

मग काळसर चष्मा लावून एका मोठ्या माशीचं चित्र दिलं आणि पंख चिमटीत धर म्हणाल्या. मी कागदाच्या वर, हवेतच चिमटी केली. ऑप्टोमेट्रिस्टबाई हसल्या, म्हणाल्या, खोली कळते तुम्हाला, ती अजून शाबूत आहे. गेल्या काही वर्षांत ती वापरायला मिळणं कमी होत चाललंय, एवढंच. मी तिथेच रडले.

डाव्या डोळ्याच्या दोन स्नायूंवर करायचं ठरलंय, बाहेरचा मागे, आतला आखूड. पुढे कधीतरी पुन्हा थोडं सरकू शकतं आणि काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. चिठ्ठीत रानवारा यांनी लिहिलं तसं सगळं लिहून घेतलं. आईला फोन केला. ती म्हणाली, मी येते राहायला.

दिवाळीच्या तीन आठवडे आधीची तारीख मिळतेय. घेऊ का? आणि काउंटरला कधी बसता येईल?

दृष्टीमित्र

घ्या. खोली शाबूत असताना करताय, याहून चांगली वेळ नाही. साधारण आठवड्याभरात बसता येतं, डोळा लाल दिसेल एवढी तयारी ठेवा. डोक्यावरून अंघोळ, काजळ आणि पोहणं डॉक्टर सांगतील तोवर बंद. अभ्यंगस्नानाला डोळ्यात तेल-उटणं जाऊ देऊ नका, आणि फटाक्यांच्या धुरात जायचं झालं तर गॉगल लावा. सुरुवातीला दोन दिसलं तर घाबरून एक डोळा मिटून बसू नका, दोन्ही उघडे ठेवा. दुखणं वाढलं, चिकट पू आला किंवा नजर कमी वाटली तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच जायचं.

कृष्णाकाठ

जिल्हा रुग्णालयातून आलो. उजवा ६/१८, चष्मा लावून ६/१२. कर्जाचं रद्द केलं. चष्मा आणि पट्टी सुरू करायला सांगितलंय, माझं वय १९ आहे, फरक पडेलच असं नाही म्हणाले, पण करून बघू. तलाठी भरतीचा अर्ज भरतोय. सांजवातताई, तुमचं झालं की इथे कळवा.